ज्याच्या हाती काठी

शिवकन्यानं खुंटीवरची काठी काढली, तशी दाराआड उभ्या रूपाबाईनं जीभ चावली.

"ती नको गं शिवे," ती लेकीला कुजबुजली. "दुसरं काही घे. मपली जपमाळ घे."

"माळेला विजूदादा मान देईल का, आई?" शिवकन्या ओढणीनं काठीवरची धूळ पुसत म्हणाली. "घरातले सगळे जिला मान देतात अशी वस्तू पाहिजे. मॅडमनी तसंच सांगितलंय."

बैठकीत सतरंजी अंथरली होती. भिंतीला टेकून तातेराव बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याचा मुलगा विजयकुमार मोबाइल चाळत होता. समोर धाकटा भाऊ शिवशंकर, म्हणजे शिवकन्याचा बाप. आणि उंबऱ्याला लागून, अर्धी आत अर्धी बाहेर अशी, शकुबाई. ह्या दोघांची बहीण. सकाळीच कनेरगाव नाक्याहून एसटी बदलत हट्ट्याला उतरली होती. चपला तिनं दाराबाहेर न सोडता अंगालगतच ठेवल्या होत्या. माहेरच्या बैठकीत बाईमाणसाला कधी उठायला सांगतील, त्याचा काय भरवसा!

बाहेर मळ्यात हळद शिजत होती. हळद उकडायच्या मोठ्या कुकरची वाफ वाऱ्यासरशी घरात शिरत होती आणि त्या उग्र, मातकट वासानं सगळ्यांचेच डोळे जरा चुरचुरत होते.

"भरवा, भरवा," तातेराव मिशीतल्या मिशीत हसला. "पुण्याला शिकायला धाडली, आता घरातच शाळा भरवून राहिली. हजेरी घेतीस का, बाई?"

"मोठे बाबा, हजेरी नाही. नियम एकच आहे. ही काठी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही. त्याचं झालं की काठी पुढच्याच्या हातात."

"आन् मुतायला लागली तर?" विजयकुमार म्हणाला आणि स्वतःच हसला.

शकुबाई हसली नाही. ती काठीकडे बघत होती.

काठी ग्यानोबाची होती, ह्या तिघांच्या बापाची. तिवसाची, बुडाला शेंबी म्हणजे लोखंडी टोपण, तेल पिऊन पिऊन काळी झालेली. ग्यानोबा उभा गडी होता तेव्हा ती काठी सालगड्यांवर चालली, बैलांवर चालली, बायकोवर चालली, पोरांवर चालली. म्हातारा गेल्यावर तातेरावनं ती बैठकीत खुंटीला लावली. पितृपंधरवड्यात तो ती धुऊन गंध लावायचा, पानाचा नैवेद्य दाखवायचा. घरातली बाई तिला हात लावत नसे. तसं कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती.

शकुबाईच्या पाठीवर उजव्या अंगाला त्या शेंबीची खूण होती. ती न्हाणवयाची होती तेव्हाची गोष्ट. लहानग्या तातेनं खेळता खेळता काडी ओढली आणि कडब्याची अख्खी गंजी पेटवून दिली. जाळ लिंबाच्या शेंड्याला लागला. ग्यानोबा काठी घेऊन आला तेव्हा तातेराव तिच्या परकरात तोंड खुपसून थरथरत होता. "कोणं लावली?" ग्यानोबानं विचारलं. "म्या," ती म्हणाली. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं. आठवत होतं ते इतकंच, की पडताना सुद्धा ती त्या पोरावर पालथी पडली होती, आणि जाळाचा आवाज आणि काठीचा आवाज एकच वाटत होता.

त्या गोष्टीबद्दल ती नंतर कोणाजवळ बोलली नाही. तातेरावही बोलला नाही.

*

शिवकन्या तिला बोलवायला नाक्यावर आली होती, तेव्हा शकुबाई ढाब्यामागच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. नवरा देविदास होता तोवर दोघांची चहाची टपरी होती. तो छातीच्या दुखण्यानं गेला, मग रस्ता रुंद झाला, तशी टपरीही उठली. लेकरू झालं नव्हतं. दिरांनी घरातली खोली आवरायला लावली. तेव्हापासून ती भीमसिंगाच्या ढाब्यावर भाकरी थापायची आणि तिथंच मागं पत्र्याच्या खोपीत निजायची. वाशिमकडं जाणारे ट्रकवाले "अम्मा, गरम गरम" म्हणून ओरडायचे आणि तिच्या तळहाताखाली भाकर चंद्रासारखी गोल गोल फिरायची.

"काय शिकून राहिलीस म्हणलीस तू?" तिनं भाचीला विचारलं होतं.

"एमबीए, आत्या. कौटुंबिक संपत्ती व्यवस्थापन. म्हणजे घराण्याची मालमत्ता कशी सांभाळायची, पुढच्या पिढीला कशी द्यायची, घर कसं फुटू द्यायचं न्हाई."

"त्याला शाळा निघाली?"

"माझ्या वर्गात सगळी मोठ्या घरची पोरं आहेत. कोणाचा कारखाना, कोणाची पेढी. मी एकटीच शेताची. मॅडम म्हणतात, प्रत्येक घर हा एक धंदाच असतो."

"बराबर बोलती तुझी मॅडम," शकुबाई तव्यावरची भाकर उलटत म्हणाली. "फक्त त्या धंद्यात लेकी माल असत्यात. एकदा गाडी भरून गेली की परत घेत न्हाईत."

शिवकन्या खळखळून हसली, आणि मग चुलीजवळ सरकून बसली. तिला शेवटच्या वर्षाचं काम म्हणून एका घराची सभा भरवायची होती. सगळ्यांना एकत्र बसवायचं, ज्याला जे पाहिजे ते त्यानं तोंडानं मागायचं आणि मग सगळ्यांनी मिळून घराचे नियम ठरवायचे. वर्गातल्या एकाच्या घरी आजोबांचं खिशातलं घड्याळ हातोहात फिरलं होतं आणि वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ म्हणे रडले होते. शिवकन्यानं आपलं घर निवडलं. ग्यानोबाच्या मागं वाटणी रेंगाळली होती आणि दोघं भाऊ आतल्या आत धुमसत होते. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. अक्काची, म्हणजे शकुबाईची, हक्कसोड करून घ्यायची, बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला असं लिहून घ्यायचं. तिला वसमतच्या कचेरीत न्यायचं, सही घ्यायची, पाटावर बसवून लुगडंचोळी करायची, ओटी भरायची आणि गाडीत बसवून द्यायचं. लेकीबाळी तशाच जातात. आजवर सगळ्या तशाच गेल्या.

"आत्या, कायद्यानं तुझा तिसरा हिस्सा आहे," शिवकन्या म्हणाली. "तू काय मागायचं ते मी सांगणार न्हाई. पण तू बोल. एकदा तरी सगळ्यांसमोर बोल."

शकुबाईनं पीठ झटकलं. "बोलले आन् भाऊबीज तुटली तर?"

ती भीती मात्र खरी होती. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, ती माहेरी जायची. दोन पाट मांडायची. शिवशंकर टोपी घालून तयार बसायचा. तातेराव मात्र दर वर्षी बोडक्या डोक्यानं येऊन बसायचा आणि दर वर्षी ती ताट हातात धरून म्हणायची, "डोकं झाक रे, ताते. उघड्या डोक्यानं ववाळून घेत न्हाईत." मग तो खांद्यावरचं उपरणं डोक्यावर ओढायचा. एवढंच माहेर तिला उरलं होतं. पण ते होतं.

"न्हाई तुटणार," शिवकन्या म्हणाली. तिला तसं मनापासून वाटत होतं. पोरीच्या डोळ्यांत देवापुढच्या निरांजनासारखा उजेड होता. शकुबाई त्या उजेडाला भुलली.

*

"पहिला मान घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाचा," शिवकन्या म्हणाली.

तातेरावनं सवयीनं हात पुढं केला. शिवकन्या त्याच्या समोरून गेली आणि काठी तिनं शकुबाईच्या मांडीवर ठेवली.

कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, की ह्या घरात सगळ्यात थोरली अक्का होती. तिला मोजायची रीतच नव्हती.

"थट्टा करू नको पोरी," तातेराव म्हणाला. त्याच्या मिशीतलं हसू गेलं होतं.

"थट्टा न्हाई, मोठे बाबा. नियम आहे."

काठी जड होती. शकुबाईला वाटलं होतं त्याहून जड. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, लेकरू धरतात तशी. मनातल्या मनात तिनं औंढ्याच्या नागनाथाला हात जोडले आणि म्हणाली,

"मला कॅनालकडची दोन एकर द्या."

बाहेर कुकरची शिट्टी झाली.

"तिसरा हिस्सा मला नको. हळदीचं अख्खं रान नको. पाण्याकडची दोन एकर तेवढी. तिथं खोपी घालते. ढाब्यामागं मरायची पाळी आली तर मला उचलायला ट्रकवाले येतील, रे. मला मपल्या मातीत मरू द्या."

"तुला ना लेकरू ना बाळ," विजयकुमार ओरडला. "कोणासाठी पाहिजे तुला जमीन?"

"विजूदादा, काठी आत्याच्या हातात आहे. मधे बोलायचं नाही."

"मपल्यासाठी," शकुबाई म्हणाली.

ह्या घरात तो शब्द कोणी बाईच्या तोंडून ऐकला नव्हता. शिवशंकरनं मान खाली घातली. तातेराव उठला. सावकाश उठला, धोतराचा सोगा सावरला, दोन पावलं आला आणि शकुबाईच्या हातातली काठी त्यानं ओढून घेतली. ओढताना शेंबीनं तिच्या तळहाताची साल निघाली.

"आता माझ्या हातात हाय," तो शिवकन्याकडं वळून म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "आता म्या बोलायचं ना? बाकीच्यांनी गप बसायचं. हाच नेम ना, पोरी?"

"हो, पण मोठे बाबा..."

पहिला तडाखा शकुबाईनं डोक्याकडं येताना पाहिला आणि हात वर केला. कोपराच्या खाली काहीतरी वाळल्या फांदीसारखं कडकन मोडलं. हात तिच्याच डोळ्यांदेखत जिथं वाकायला नको तिथं वाकला. दुसरा तडाखा डोक्यात बसला. मग रक्त डोळ्यांत उतरलं आणि बैठक, माणसं, भिंत सगळं हळदी-कुंकवाच्या पाण्यातून दिसावं तसं लाल-पिवळं दिसायला लागलं.

"ढाब्यावर भाकरी थापती! ट्रकवाल्यांच्या भाकरी! आमच्या नावाला काळं फासलं, आता जमीन पाहिजे!" तातेराव बोलत होता आणि प्रत्येक वाक्याला काठी पडत होती. पाठीवर. मांडीवर. खांद्यावर. शिवकन्या मधे पडली तर विजयकुमारनं तिची वेणी हाताला गुंडाळून तिला मागं फरपटत नेलं आणि भिंतीवर आदळलं. तिचा ओठ फुटला. शिवशंकर "दादा, दादा" म्हणत उभा राहिला, पण त्याचे पाय जागचे हलले नाहीत. मळ्यातले गडी दारात येऊन थबकले. घरातलं भांडण, मालकाचं घर, कोण आत पाऊल टाकणार!

शकुबाईला वाटलं, हा आता थांबणार नाही. तिनं डोळे मिटले.

तेव्हा दाराआडून रूपाबाई आली.

तातेराव तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हापासून ती त्याच्यासमोर कधी तोंड उघडं टाकून आली नव्हती. एक शब्द बोलली नव्हती. तोही ती असेल तिथं खाकरून मगच पाय टाकायचा, तिच्या सावलीवरून सुद्धा जात नसे. धाकट्याच्या बायकोला भासऱ्याचा स्पर्श झाला तर दोघांना विटाळ. तशी रीत होती आणि त्या घरात तेवढी एक रीत कोणी मोडली नव्हती.

रूपाबाईच्या डोक्यावरचा पदर खाली पडला होता. ती उघड्या डोक्यानं धावली आणि शकुबाईवर पालथी पडली. तिला आपल्या अंगाखाली झाकून घेऊन ती हलक्या आवाजात म्हणाली, "आता मारा, भावजी."

काठी वर गेली होती. वरच राहिली.

तातेरावला दम लागला होता. तो रूपाबाईच्या उघड्या केसांकडं बघत राहिला. मग त्यानं तोंड फिरवलं, काठी फेकून दिली आणि बाहेर मळ्यात निघून गेला. काठी फरशीवर घरंगळत चहाच्या कपापाशी जाऊन थांबली.

*

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात शकुबाईच्या डोक्याला टाके घातले, हाताला प्लास्टर चढवलं. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. मारहाणीची केस म्हणजे कळवावंच लागतं. जबाब घ्यायला जमादार यायच्या आत शिवशंकर आला. त्याच्या काखेत पिशवी होती. पिशवीतून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता.

तो खाटेच्या कडेला टेकला. पिशवी काखेतून काढून हातात घेतली.

"दादाला लई वाईट वाटून राहिलं," तो म्हणाला. "जेवला न्हाई. अक्का, पाय घसरला म्हण. कुकरपाशी घसरलीस म्हण. घरची अब्रू हाय. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटतं का?"

"पाणी नसंल तुटत, शिवा," शकुबाई म्हणाली. "हात तुटला ना."

"आन् ते हक्कसोडीचं बी एकदाच उरकून घेऊ. लुगडं आणलंय. रूपीनं न्हाई, म्या स्वतः पसंत केलं."

शकुबाईनं लुगड्याकडं पाहिलं. रंग चांगला होता. तिला खरंच वाटलं, म्हणावं, पाय घसरला. अंगात त्राण नव्हतं. आणि पाय घसरला म्हटलं की माहेर उरणार होतं. दोन पाट, दोन सुपाऱ्या, "डोकं झाक रे, ताते." एवढ्यासाठी माणूस किती खोटं बोलतं. तिनं तर लहानपणी ह्यापेक्षा मोठं खोटं बोलून दाखवलं होतं.

तेवढ्यात शिवकन्या औषधं घेऊन आली. बापाच्या हातातली पिशवी तिनं पाहिली.

"अण्णा, मी जबाब देणार आहे," ती म्हणाली. "जे पाहिलं ते सांगणार आहे."

शिवशंकर उठला आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली. वॉर्डातल्या खाटांवरच्या बायका दचकून उठून बसल्या. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला. दादापुढं जो जागचा हलला नव्हता तो हा शिवा, लेकीपुढं कसा झपकन उठला, ते शकुबाईनं पाहिलं. पोरीचा आधीच फुटलेला ओठ पुन्हा वाहायला लागला. ती रडली नाही. नुसती बापाकडं बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतला तो निरांजनाचा उजेड शकुबाईला कुठंच दिसेना.

"शिवा," शकुबाई म्हणाली, "हात खाली घे. आन् ते लुगडं घेऊन जाय. रूपाला नेसव. तिला शोभंल."

जमादार आला. वही उघडून त्यानं विचारलं, "बाई, कशानं लागलं?"

"काठीनं," शकुबाई म्हणाली. "मपल्या बापाच्या काठीनं. मपल्या भावानं मारलं. तातेराव ग्यानोबा. लिहा."

नाव सांगताना तिचा आवाज फाटला. जमादाराला वाटलं, हाताची कळ आली असेल.

*

तातेरावला धरून नेलं, मग जामिनावर सोडलं. काठी पोलिसांनी जप्त केली. शिवकन्या चौकीत गेली होती तेव्हा काठी कपाटाच्या कडेला उभी होती, गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी आणि लाखेचा शिक्का. त्या वर्षी पितृपंधरवड्यात तिला गंध लागलं नाही.

वकिलानं भावांना सांगितलं, कोर्टात गेलात तर तिसरा हिस्सा जाईल, बाई दोन एकरांत राजी आहे तर देऊन टाका. त्यांनी दिली. कॅनालकडची दोन एकर शकुबाईच्या नावावर झाली आणि त्या दिवसापासून हट्ट्यातल्या त्या घराचं दार तिला बंद झालं. फौजदारी चालूच होती.

हात जुळला, पण वाकडा जुळला. आता तिच्याच्यानं भाकर थापवेना. "अम्मा, हात ठीक हो जाए तो आ जाना," भीमसिंग म्हणाला आणि पितळी परात त्यानं तिला देऊन टाकली. घरातला जुना सालगडी जळबा मालकाला चोरून तिच्याकडं आला, खोपी घालून दिली, मृगावर हळद लावून दिली. "मालकीणबाईंनी धाडलं," तो म्हणाला. रूपाबाईनं कोणाला न विचारता केलेलं हे आयुष्यातलं दुसरं काम.

हळद उगवली. हातभर झाली. पानं अशी रुंद, की दव पडलं की थेंब घरंगळत खाली जाई. शकुबाई सकाळी उठून आधी सूर्याला आणि मग त्या पानांना हात जोडायची.

श्रावणातल्या एका सोमवारी भर दुपारी विजयकुमार ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून धुरा, म्हणजे रानाचा बांध, फोडून आत शिरला.

"विजू!" ती खोपीतून धावली. "अरे, उभं पीक हाय! लक्ष्मी हाय ती!"

"तुझी लक्ष्मी तुझ्या भाकरीच्या परातीत घाल!" तो वरून ओरडला. "आमच्या रानात न्हाई!"

लोखंडी पाती गरगरा फिरत होती. हळदीची रोपं मुळासकट उडत होती, कोवळे गड्डे चिरडून त्यांचा पिवळा रस चिखलात मिसळत होता. शकुबाई सरीत जाऊन उभी राहिली. ट्रॅक्टर तिच्या अंगावर आला. ती हलली नाही. तिला आता पळायचं कुठं होतं? इंजिनाची धग तोंडाला लागली, मातीची ढेकळं कपाळावर आपटली. विजयकुमारच्या डोळ्यांत तिला ग्यानोबा दिसला, तोच, हुबेहूब. मग ऐन वेळी त्यानं स्टिअरिंग वळवलं. पुन्हा आला. पुन्हा वळवलं. दोन एकरांचा चिखल करून तो निघून गेला, तेव्हा रानाच्या मधोमध शकुबाई उभी होती आणि तिच्या पायांभोवती, एक खाट मावेल एवढ्या जागेत, हळद जशीच्या तशी हलत होती.

तिनं चौकीत जाऊन सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. विजयकुमार काही दिवस पाहुण्यांकडं नांदेडला जाऊन बसला.

शिवकन्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा शकुबाईनं विचारलं, "तुझ्या शाळेचं काय झालं?"

"अहवालात एक रकाना असतो, आत्या. सभेतून काय निष्पन्न झालं. मी लिहिलं, आत्याचा हात मोडला. मॅडमनी बोलावून घेतलं. मग म्हणाल्या, हे बदलू नकोस."

"पास केलं का पण?"

"केलं."

"मग पेढे आण," शकुबाई म्हणाली.

*

भाऊबीजेला शिवकन्या पेढे घेऊन थेट आत्याच्या मळ्यातच उतरली. हट्ट्यातल्या घरी बापानं तिला अजून घेतलं नव्हतं. रूपाबाईनं जळबाच्या हाती अनारसे आणि पणत्या धाडल्या होत्या.

शकुबाईनं सकाळीच खोपीपुढं सडा घातला होता. दिवस कलला तशी तिनं न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसलं, भीमसिंगाची परात राखेनं लख्ख घासली आणि शिवकन्याला म्हणाली, "दोन पाट मांड."

"कोण येणार आहे, आत्या?"

"कोणी येवो न येवो. पाट मांडायचे असत्यात."

पाट मांडले. रांगोळीची रेघ ओढली. दोघी खोपीच्या दारात बसल्या. कॅनालचं पाणी वाजत होतं. वाटेवरून एक मोटारसायकल गेली, तेव्हा शकुबाईनं मान वर केली आणि ती पुढं निघून गेल्यावर पुन्हा खाली घातली. अंधारून यायला लागलं. पाटांवर कुठूनसं एक वाळकं पान येऊन पडलं. शिवकन्यानं ते उचललं.

पश्चिमेला, धुऱ्यापलीकडं, तातेरावचा हळदीचा मळा होता. त्याच्यावर बीजेची कोर आली. नखाएवढी.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. शकुबाई उठली. परातीत तिनं निरांजन लावलं, सुपारी ठेवली, अक्षता ठेवल्या. वाकड्या हातात परात तिरपी व्हायला लागली तशी शिवकन्या आधाराला धावली.

"मला येतं," शकुबाई म्हणाली.

ती पश्चिमेला तोंड करून उभी राहिली. तिच्यापुढं ती श्रावणात वाचलेली खाटभर हळद होती, आता कमरेएवढी वाढलेली. त्याच्या पुढं नुसतं काळं रान. त्याच्या पुढं धुरा. आणि धुऱ्यापलीकडं, कोरीच्या बरोबर खाली, कोणीतरी हातात खोरं घेऊन हळदीला पाणी देत होतं. बोडक्या डोक्याचा माणूस होता. चालण्यावरूनच तिनं ओळखला.

ज्योत पाहून तो थांबला. खोरं जमिनीला टेकवून तो इकडं बघत राहिला.

शकुबाईनं परात उचलली. कोर वर होती, माणूस खाली होता. तिनं पहिला फेरा घेतला.

पलीकडं तातेरावनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि डोक्यावर घेतलं.

शकुबाईनं उरलेले फेरे पुरे केले, अक्षता चिमटीत घेऊन पुढं टाकल्या. त्या समोरच्या हळदीच्या पानांवर पडल्या आणि घरंगळत खाली गेल्या.

तातेराव फेरे संपेपर्यंत तसाच उभा होता. मग वाकला आणि पुढच्या सरीत पाणी सोडलं. उपरणं मात्र त्यानं डोक्यावरून काढलं नाही.